असेसमेंटच्या आदल्या रात्री

पुढच्या महिन्यात तुमच्या पीएमओचं, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिसचं, मॅच्युरिटी असेसमेंट असेल, तर एक विनंती आहे. आदल्या रात्री बसून कागद रंगवू नका.

मी अशा एका असेसमेंटला बसलो आहे. रिस्क रजिस्टर उघडलं. चाळीस ओळी, आणि प्रत्येकीपुढे शेवटच्या बदलाची एकच तारीख, आदल्या दिवसाची. सातव्या ओळीत होतं, जुना डेटा नव्या सिस्टीमवर नेण्याचं काम एकाच माणसाला येतं. पुढे शेरा, ‘नियंत्रणात’. त्या माणसाने राजीनामा दिल्याचं चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक होतं, पण रजिस्टरमध्ये त्याचा पत्ता नव्हता. गो-लाइव्ह अडीच महिने लांबलं.

असेसमेंटमध्ये मॅच्युरिटी ज्यावर मोजतात, ती पाच पायऱ्यांची शिडी मुळात आली कशासाठी? अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअरचे ठेकेदार पारखून घ्यायचे होते. त्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये वॉट्स हम्फ्री आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून १९९१ मध्ये सीएमएम, म्हणजे कॅपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल, आलं. पीएमओची बरीच मोजमापं त्याच वळणाची आहेत. पहिल्या पायरीवर काम माणसांच्या धडपडीवर चालतं, तिसरीवर कंपनीभर एक पद्धत असते, चौथीवर आकडे पाहून निर्णय होतात. खोट्या तारखांवर ती चौथी पायरी उभी राहणार कशी?

म्हणून टेम्प्लेटं मोजत बसू नका. गेल्या वर्षी फसलेला एक प्रोजेक्ट काढा. तो अडचणीत आहे हे टीमला कधी कळलं आणि स्टिअरिंग कमिटीसमोर कधी आलं? जुने ईमेल चाळा, दोन्ही तारखा शोधा, मधले दिवस मोजा. माझ्या मते पीएमओची खरी पातळी त्या दिवसांत दिसते. मग बघा, आधी लाल शेरा देणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजरचं काय झालं. मदत मिळाली की भर बैठकीत झाडाझडती? झाडाझडती झाली असेल, तर पुढच्या वेळी तो हिरवाच शेरा देणार, आणि त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी निघाली तरी लाजू नका. पंचवीस जणांच्या, एकाच तऱ्हेची कामं करणाऱ्या कंपनीने पाचवीचा सोस कशाला धरावा?

टीममध्ये नवे असाल आणि मुलाखतीला तुम्हाला बसवलं, तर पाठ केलेली उत्तरं देऊ नका. शेवटचं स्टेटस कोणी भरलं, कोणाला विचारून भरलं, जसं घडलं तसं सांगा. आणि वरिष्ठांनो, त्या मुलाला नंतर केबिनमध्ये बोलावून जाब विचारू नका.