अभयारण्य आहे, पण डबके?

वाघ, हत्ती, गेंडा यांच्या रक्षणाविषयी आपल्याकडे निदान बोलले तरी जाते. प्राण्याला डौल असला की कैवारीही मिळतात. पण ओल्या पालापाचोळ्यात दडून राहणाऱ्या, अंगावर चामखिळींच्या रांगा वागवणाऱ्या वीतभर जीवाची दखल कोणी घ्यावी? दार्जिलिंगच्या डोंगरांतील सॅलॅमँडरची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे.

बेडूक आणि देवगांडूळ हे उभयचर सह्याद्रीतही आहेत. शेपटीच्या उभयचरांचे, म्हणजे सॅलॅमँडरचे, भारतातील वास्तव्य मात्र पूर्व हिमालय व ईशान्येच्या डोंगरांपुरतेच. चीनच्या युनान प्रांतातील जातीचाच मानला गेलेला हा हिमालयीन प्राणी स्वतंत्र जातीचा असल्याचे २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पावसाची चाहूल लागताच तो बाहेर पडतो, उथळ तळ्यात उतरतो आणि पाणवनस्पतींवर अंडी घालतो. पिल्ले कल्ल्यांनी श्वास घेत पाण्यात वाढतात. प्रौढ प्राणी हिवाळ्यात पुन्हा दगडाखाली, ओंडक्याखाली निजतात. म्हणजे त्याला तळे हवे आणि तळ्याभोवतीचे रानही हवे.

कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यासाठी १९८५ मध्ये सुखियापोखरीजवळ जोरपोखरी अभयारण्यही स्थापन झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम चार हेक्टर! कुंपणाबाहेरच्या तळ्यांचे काय? कोठे ती बुजवून घरे उठतात, कोठे मळ्यातील कीटकनाशके पाण्यात उतरतात, तर कोठे हौसेने सोडलेले मासे अंडी-पिल्ले फस्त करतात. सुशोभनाच्या नावाखाली काठाला सिमेंटची उभी भिंत घातली, की सरपटत येणाऱ्या या प्राण्याला ती तटबंदीच ठरते.

डोंगरातील माणसालाही घर हवे, चहा आणि पर्यटन हा त्याच्या पोटाचा आधार आहे, हे नाकारून चालणार नाही. पण येथे मागणे तरी केवढे? गावोगावच्या तळ्यांची नोंद व्हावी, काठाची एक बाजू उतरती व हिरवी राहावी, पाण्यात मासे सोडू नयेत आणि राखणीचे काम मोबदल्यासह स्थानिकांकडेच सोपवावे. त्यासाठी कोणाला विस्थापित करावे लागत नाही.

दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयाने या जातीची पैदास हाती घेतली, हे स्तुत्यच. परंतु वाढवलेली पिल्ले सोडायची कोठे? प्राण्याचे नाव कायद्यात राखायचे आणि त्याचे डबके बुजू द्यायचे, याला संरक्षण म्हणत नाहीत.