थंड पाण्यात पहिलाच मिनिट महत्त्वाचा

बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात गळ्यापर्यंत बसलेल्या खेळाडूंचे आणि सिनेकलाकारांचे व्हिडिओ आता घरोघरी मोबाइलवर पोहोचले आहेत. मोठ्या शहरांतील काही जिममध्ये ही सोय पैसे मोजून मिळू लागली आहे. कोण किती मिनिटे टिकला, याचीच चर्चा अधिक होते. नवशिक्यासाठी मात्र सर्वांत धोक्याचा असतो तो पहिला मिनिट.

गार पाण्यात एकदम उतरताच त्वचेचे तापमान झपाट्याने घसरते. शरीर आपोआप एक खोल श्वास खेचते, मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. याला ‘कोल्ड शॉक’ म्हणतात. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. चांगले पोहणारेही असे बुडतात. हा झटका पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वाधिक असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. त्यासाठी बर्फच हवा असे नाही. १० ते १५ अंश सेल्सिअसच्या पाण्यातही तो पुरेसा जोरदार असतो. हिमालयातील नदीत किंवा धबधब्याखालच्या डोहात उत्साहाने उडी मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

डोकेही बुडवले तर हृदयाला एकाच वेळी दोन उलटे आदेश मिळतात. अंगाला लागलेल्या गारठ्याने नाडी वाढते, तर श्वास रोखून चेहरा पाण्यात गेल्याने ती मंदावते. या ओढाताणीत ठोक्यांची लय बिघडू शकते.

मग फायदा काय? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात ३,०१८ जण सहभागी होते. गरम शॉवरनंतर ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. पण आजारी वाटण्याचे दिवस घटले नाहीत. ३० सेकंदांचा लाभ ९० सेकंदांपेक्षा कमी नव्हता. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात १२ तासांनंतर ताण कमी झालेला दिसला. प्रतिकारशक्ती मात्र लगेच वाढल्याचे दिसले नाही. वजने उचलून स्नायू कमावू पाहणाऱ्यांनी व्यायामानंतर लगेच गार पाण्यात बसण्याची सवय लावली, तर स्नायूंची वाढ उलट कमी होऊ शकते.

दिलासा असा, की शरीर लवकर शिकते. पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ गार पाणी घेतले, की झटका बराच सौम्य होतो. सुरुवात घरच्या न्हाणीघरातच करावी. नेहमीच्या आंघोळीच्या शेवटी नळाचे साधे पाणी १५ ते ३० सेकंद घ्यावे. पहिला तांब्या पायांवर, मग हातांवर, मग खांद्यावर. कार्तिकस्नान करणाऱ्यांना हा क्रम नवा नाही. श्वास सावकाश सोडत राहावा. तो ताब्यात आल्याशिवाय वेळ वाढवू नये. आठ-दहा दिवसांनी टबात बसायचे झाल्यास हळूहळू उतरावे, डोके बाहेर ठेवावे आणि एक-दोन मिनिटांत उठावे. जवळ कोणीतरी असावेच. मद्य घेऊन उतरू नये. आधी जोरजोरात श्वास घेऊन पाण्यात दम रोखण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये. त्याने पाण्यातच शुद्ध हरपू शकते. बाहेर आल्यावर अंग कोरडे करून उबदार कपडे घालावेत. शरीराचे आतले तापमान त्यानंतरही काही वेळ घसरत राहते.

हृदयविकार, अनियमित ठोके, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा फिट्स असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि गार पाण्याने अंगावर पित्त उठणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हा प्रयोग करू नये. विदर्भ आणि नंदुरबार भागात आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांत गारठ्याने तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी तो टाळावाच. चाळिशी ओलांडलेल्यांनी निदान रक्तदाब तरी आधी मोजून घ्यावा. अनेकांना तो वाढल्याचे ठाऊकच नसते, आणि ते कळण्याची जागा बर्फाचा टब नव्हे.