निर्दोष सुटला, पण मोकळा झाला काय?

दहशतवादाच्या आरोपावरून वर्षानुवर्षे कैदेत ठेवलेल्या मनुष्यास न्यायासनाने निर्दोष ठरविले आणि तुरुंगाचे दार उघडून त्यास रस्त्यावर आणून सोडले, म्हणजे सरकारचे त्याच्याशी असलेले देणेघेणे संपले, अशी आपल्या कायद्याची समजूत दिसते. लोकांची समजूतही याहून फारशी निराळी नाही. ही समजूत न्यायास तर सोडून आहेच. पण ज्या साध्या नियमांवर आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची दुकाने व पेढ्या चालतात, त्या नियमांसही ती सोडून आहे, हे आम्हांस आज दाखवावयाचे आहे.

दिल्लीचे महंमद आमीर खान यांनी आपली हकीकत २०१६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आहे. १९९८ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्यांस धरले तेव्हा ते विशीतले तरुण होते. बाँबस्फोटांचे डझनाहून अधिक खटले त्यांच्यावर भरण्यात आले. एकेका खटल्यातून निर्दोष सुटत सुटत ते बाहेर आले, तो २०१२ चा जानेवारी उजाडला. मध्यंतरी वडील वारले होते. आई पक्षाघाताने विकल झाली होती. ज्या वयात मनुष्य धंदा शिकतो, संसार थाटतो व चार लोकांत पत मिळवितो, ती चौदा वर्षे अशी गेली. पुढे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्यांस पाच लाख रुपये द्यावेत असे सांगितले. हिशेबी मनुष्याने भागाकार करून पाहावा; दिवसास शंभर रुपयेही पडत नाहीत! आणि तरीही अशा लोकांत आमीर खान हे सुदैवीच म्हणावयाचे, कारण पुष्कळांच्या वाट्यास तेवढेही येत नाही.

रेल्वेने पाठविलेली कापडाची गाठ वाटेत गहाळ झाली, तर व्यापाऱ्यास दाद मागण्यासाठी १९८७ च्या कायद्याने स्वतंत्र न्यायाधिकरण निर्माण केलेले आहे. रस्त्यासाठी सरकारने चार गुंठे जमीन घेतली, तर तिच्या मोबदल्याची रीत कायद्यानेच ठरलेली आहे. पण मनुष्याच्या आयुष्याची दहा-चौदा वर्षे सरकारच्या हातून गहाळ झाली, तर त्याने कोणते दार ठोठवावे? निष्कारण अटकेच्या भरपाईचे एक कलम आहे. तिची कमाल मर्यादा एक हजार रुपये, आणि तेही सरकारने नव्हे, तर ज्याने अटक करविली त्याने द्यावयाचे! १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली, तरी हा आकडा जागचा हलला नाही.

कायद्याने मार्ग आखून दिला नाही, म्हणजे काय होते ते पाहा. अक्षरधाम मंदिरावरील २००२ च्या हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०१४ रोजी सहा जणांस निर्दोष सोडले. त्यांत फाशीची शिक्षा झालेले तिघे होते. पुढे भरपाईची मागणी त्याच न्यायालयापुढे गेली असता, असा पायंडा घातक होईल म्हणून २०१६ साली ती ऐकून घेण्यात आली नाही. उलट हेरगिरीच्या खोट्या आरोपात गोवले गेलेले शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांस २०१८ साली याच न्यायालयाने ५० लाख रुपये देवविले. हैदराबादेत मक्का मशिदीच्या २००७ च्या स्फोटानंतर धरलेल्या व पुढे सुटलेल्या ७० जणांस तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने ७० लाख रुपये वाटले, तर २०१३ साली उच्च न्यायालयाने तो हुकूमच रद्द केला. न्यायमूर्तींस आम्ही दोष देत नाही; नियमच नसेल तेथे एकास मिळावे व दुसऱ्यास मिळू नये, हे घडावयाचेच. विधि आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात यावर उपाय सुचविला होता: भरपाईचे दावे चालविण्यास खास न्यायालये, आणि रोख रकमेखेरीज मानसोपचार व धंदेशिक्षण. नवी संहिता रचताना सरकारास त्या अहवालाची आठवण झाली नाही!

यावर कोणी म्हणतील की, भरपाई द्यावी लागली तर पोलीस कोणास धरण्यास धजणार नाहीत. हा आक्षेप टिकणारा नाही. पुरावा प्रामाणिकपणे गोळा केला पण तो अपुरा पडला, ही एक गोष्ट. पुरावा बनविला किंवा दडपला, ही दुसरी. आयोगाची सूचना या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. प्रामाणिक शिपायास तिचे भय बाळगण्याचे कारण नाही. शिवाय चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याने स्फोटात मेलेल्यांच्या आप्तांस न्याय मिळतो, असे कोण म्हणेल? बेकायदा कृत्यांच्या प्रतिबंधाच्या कायद्याने सरकारने आपल्या हाती जादा सत्ता घेतली आहे. त्यात आरोपपत्रास १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, आणि आरोप सकृद्दर्शनी खरा भासला की जामिनाची वाट बंद होते. ज्याने जादा सत्ता घेतली, त्याने जादा जबाबदारीही घेतली पाहिजे.

हा झाला सरकारचा हिस्सा. दुसरा हिस्सा समाजाचा आहे. अटकेची बातमी ठळक अक्षरांत छापणारी पत्रे सुटकेची बातमी आतल्या पानाच्या कोपऱ्यात घालतात. मग घरमालक खोली देण्यास कचरतो, दुकानदार नोकरी देण्यास कचरतो, आणि घरातल्या मुलीची सोयरीक मोडते. मुंबईच्या लोकलगाड्यांतील ११ जुलै २००६ च्या स्फोटांच्या खटल्यात नऊ वर्षे कैदेत राहून २०१५ साली निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख पुन्हा शाळेत शिकवू लागले. त्यांस वर्गात परत घेतल्याने कोणाचे काय बिघडले? याच खटल्यातील उरलेल्या बारा जणांस मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरविले. त्यांपैकी एक जण २०२१ सालीच कैदेत वारला होता. या निकालावर सरकारने अपील केले. वरिष्ठ न्यायालय जो निर्णय देईल तो सर्वांस मान्य असलाच पाहिजे; पण तोवर हातातील निकालास मान देणे, हेही कायदा मानण्याचेच लक्षण आहे.

आमची मागणी दुहेरी आहे. विधि आयोगाच्या सूचनेस संसदेने कायद्याचे रूप द्यावे, आणि सुटून आलेल्या प्रत्येकास, भरपाई मिळो वा न मिळो, त्याची कागदपत्रे, शिक्षण व कामधंदा पुन्हा मिळवून देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवावे. आणि आमच्या वाचकांस एवढीच विनंती की, असा मनुष्य काम मागावयास दुकानी आला, तर न्यायालयाचा निकाल हाच त्याच्या चारित्र्याचा दाखला समजावा, आणि त्यास कोणते काम येते एवढेच विचारावे.