शर्यत कोणाशी?

मुलांनो, प्रचंड चाकांच्या ‘मॉन्स्टर ट्रक’ गाड्यांचा शर्यतीचा खेळ रामवाडीतील मुलेही मोबाईलवर खेळत असतील. अशा खेळांत बहुधा तीन प्रकार असतात : इतरांबरोबर धावणे, एकट्याने घड्याळाशी धावणे आणि मोडतोड करून गुण मिळवणे. आपल्या बैलगाड्यांतही असा भेद आहे. रायगडच्या किनाऱ्यावर गाड्या एकमेकींशी धावतात. पुणे जिल्ह्यात ‘घाट’ नावाच्या धावपट्टीवर प्रत्येक गाडा एकटा धावतो व त्याची वेळ मोजतात.

मला घड्याळाशी होणारी शर्यत श्रेष्ठ वाटते. दुसरा मागे पडला, म्हणजे आपला वेग वाढलाच असे नाही. कदाचित तोच मंदावला असेल. घड्याळ मात्र कोणाची भीड धरीत नाही. कालच्यापेक्षा आज आपण किती पुढे गेलो, हे ते रोखठोक सांगते.

मोडतोडीच्या खेळात मात्र एक गोष्ट विसरू नये. पडद्यावर उलटलेली गाडी कळ दाबताच उभी राहते. बैलाचे तसे नाही. त्याचा छळ होतो, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींना बंदी केली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटी घालून परवानगी दिली. वेगाची हौस जरूर असावी; पण तिची किंमत मुक्या जिवाने का मोजावी?