जागच्या जागी

‘टायडी’ हा शब्द आपण रोज वापरतो. रूम टायडी, डेस्क टायडी. पण मुळात त्याचा झाडूशी काही संबंध नव्हता. तो ‘टाइड’वरून आला आणि जुन्या इंग्रजीत टाइड म्हणजे वेळ. (समुद्राची भरती-ओहोटी हा अर्थ नंतरचा. ‘युलटाइड’मध्ये तो वेळ अजून शिल्लक आहे.) म्हणजे टायडी बहुधा आधी ‘वेळेवरचा’, ‘हंगामातला’ असा होता. नीटनेटका हा अर्थ पक्का झाला तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. मराठीत त्याचं मूळ भाषांतर करायचं तर ‘वक्तशीर’ करावं लागेल!

आपला शब्द कोणता? व्यवस्थित. त्यात ‘स्था’ धातू आहे, उभं राहणं. जे आपापल्या ठिकाणी उभं आहे ते व्यवस्थित. आजी म्हणायची तसं, सगळं जागच्या जागी. डब्यांच्या बाबतीत ठीक आहे. माझी तक्रार आहे ती हा नियम माणसांना लावण्याबद्दल.

शनिशिंगणापूर घ्या. घरांना दारं नाहीत म्हणून जगभर नाव झालेलं गाव. युको बँकेने २०११ मध्ये इथे बिनकुलपाची शाखा काढली, त्याच्या बातम्या झाल्या. ज्या गावात घराला दार नाही, तिथे उघड्यावरच्या देवाच्या चौथऱ्याला मात्र दार होतं. दिसत नव्हतं, एवढंच. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली, तेल वाहून खाली आली. मग काय झालं? कर्मचारी निलंबित झाले आणि मूर्तीला दुधाचा अभिषेक करून ‘शुद्धीकरण’ झालं.

इथे थांबा. पुरुषांनी आंघोळ करून ओलेत्याने वर जायची पद्धत होती. म्हणजे पुरुषाची अस्वच्छता बादलीभर पाण्याने जायची. बाईची कितीही पाण्याने जात नव्हती. जी धुऊन जात नाही तिला घाण कशी म्हणायची? ती घाण नव्हतीच, ती जागा होती. बाईची जागा खाली, ती वर दिसली म्हणजे पसारा झाला. ‘पावित्र्य’, ‘परंपरा’ हे शब्द त्या पसाऱ्यावर टाकलेली चादर. (जानेवारी २०१६ मध्ये देवस्थानच्या अध्यक्षपदी पहिल्यांदा एक महिला आली. खुर्चीवर चालत होती, चौथऱ्यावर नाही.)

कोणी म्हणेल, प्रत्येक देवाचे नियम वेगळे असतात, तुम्हाला काय करायचंय? मान्य केलं असतं. पण मग सार्वजनिक हिंदू देवळात कोणाला अडवता येणार नाही असा कायदा तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५६ मध्येच कशाला केला? कागद फाइलमध्ये अगदी जागच्या जागी होता. वेळेवर मात्र कुणी काढला नाही. २६ जानेवारी २०१६ ला भूमाता ब्रिगेडच्या बायका निघाल्या, तर त्यांना सुप्यालाच अडवलं. शेवटी एप्रिलच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला कायदा पाळायला सांगितलं.

त्यावर उपाय काय निघाला, तर पुरुषांनाही बंदी. सगळे खाली, म्हणजे समानता! ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, गावातले पुरुष ही बंदी मोडून पाणी घालायला चौथऱ्यावर चढले. त्यानंतर विश्वस्तांनी चौथरा सर्वांना खुला केला आणि त्याच दिवशी बायका वर गेल्या. कायदा तेव्हा साठीचा झाला होता.