गुराख्याची नजर आणि गळ्यातला पट्टा



ऊस विकास अधिकाऱ्याने गुराढोरांची उठाठेव कशाला करावी, असे कुणी म्हणेल. पण उसाला लागणारे शेणखत गोठ्यातून येते आणि हंगामात वाढे जाते तेही गोठ्यातच. वाढ्यातले ऑक्झालेट जनावराच्या अंगातले कॅल्शियम बांधून ठेवते, तेव्हा नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका, हे आम्ही दर गळिताला सांगत आलो आहोत. ऊस आणि गोठा हा एकच संसार आहे.

अलीकडे गट मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, गाईच्या गळ्यातलं ते सेन्सर घ्यावं का?" आमचे मत स्पष्ट सांगतो. यंत्र चांगले आहे. पण एकट्याने घेऊ नका, आणि घाईने तर मुळीच घेऊ नका.

आधी ते करते काय, हे समजून घेऊ. पट्ट्यातले यंत्र मानेची हालचाल टिपते. त्यावरून जनावर चरते किती, रवंथ किती करते, चालते किती, बसते किती, याचा हिशेब लागतो. निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. रवंथ एकाएकी घटले की काहीतरी बिघडले, असे समजावे. गाय माजावर आली की तिची वळवळ वाढते, तेही यंत्राला कळते. माज साधारण २१ दिवसांनी येतो, टिकतो जेमतेम १२ ते १८ तास, आणि पुष्कळदा रात्रीच येऊन जातो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, हा नियम सर्वांना पाठ आहे. पण दिसला तर ना! एक माज हुकला की २१ दिवसांची वैरण फुकट गेली.

हे सारे पूर्वी गुराखी बघत होता. कोणती गाय मागे राहिली, कोणती झाडाखाली उभीच आहे, हे तो सांजच्याला दारात येऊन सांगायचा. आता गुराख्याची पोरं शाळेत गेली, हे चांगलेच झाले. गायरानेही आकसली. पण ती नजर गेली, तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. २०२२ साली लंपीची साथ आली तेव्हा आम्ही ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरत होतो. दारातली देवणी गाय दोन दिवस तापाने फणफणत होती. वैरण कमी खाते, एवढे घरच्यांनी पाहिले. ताप कुणी मोजला नाही. अंगावर गाठी उठल्या तेव्हा आमचे डोळे उघडले. गाय गेली. लंपीत आधी ताप येतो, गाठी मागून येतात. ते दोन दिवस कळले असते तर डॉक्टर लवकर आले असते आणि बाकीची जनावरे वेळीच वेगळी बांधता आली असती. गाय वाचली असती असे छातीठोक सांगत नाही. पण आमचा हलगर्जीपणा झाला, हे कबूल करतो.

मग पट्टा घ्याच, असे का म्हणत नाही? एक तर ही यंत्रे मुख्यतः गोठ्यातल्या होल्स्टीन गाईंवर बेतलेली आहेत. आपली देवणी आणि लाल कंधारी माळावर चरणारी. उन्हाळ्यात ती पाण्यासाठी लांब चालली, तर यंत्राने त्याला माज समजू नये! नॉर्वेत तर गळपट्ट्याच्या आवाजाने आणि सौम्य झटक्याने कुंपणाशिवाय जनावरे राखतात. पण तिथला माळ वेगळा, आपला वेगळा. दुसरे, यंत्र नुसते सांगते; औषध देत नाही. मोबाइलवर निरोप आला आणि डॉक्टर तिसऱ्या दिवशी आले, तर पट्टा नुसता शोभेचा.

म्हणून आमची सूचना अशी. कारखान्याने उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला विनंती करून, देवणी आणि कंधार भागातल्या पन्नास जनावरांवर एक वर्ष चाचणी घ्यावी. खर्च सामायिक असावा. माहितीची मालकी सभासदाची राहावी, पट्टा विकणाऱ्याची नव्हे. आपल्या गाईचा माज आणि आजार दुसऱ्याने जाणावा आणि आपण त्याला वर्गणी भरावी, हे सहकाराला शोभत नाही.

तोवर बिनखर्चाचे काम करा. कानातल्या बारा अंकी बिल्ल्याची नोंद तपासा. वहीत माजाची आणि रेतनाची तारीख लिहा. घरात तापमापी ठेवा. गाईचा ताप १०२.५ फॅरनहाइटच्या वर गेला की १९६२ वर फोन करा. आणि रोज सांजेला गोठ्यात पाच मिनिटे नुसते उभे राहा. ज्याची वही कोरी, त्याच्या गाईला पट्टा बांधून काय होणार?

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडण्याची विनंती आम्ही करणार आहोत. सभासदांनी आपली मते गट कार्यालयात लेखी कळवावीत.