तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी



लस ही गोरगरिबांच्या मुलांची ढाल आहे. देवीचा रोग लसीमुळेच जगातून गेला आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. परंतु फार क्वचित एखाद्याला लसीने इजाही होते. सर्वांच्या भल्यासाठी मूल पुढे केले आणि आपल्याच घरावर घाव पडला, तर त्या घराने दाद कोठे मागायची?

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेने शोधले. तेथे त्रिगुणी लसीमुळे मुलांना इजा झाल्याचे सांगून पालकांनी कंपन्यांवर दावे लावले. कंपन्या लस बनवणे सोडू लागल्या. तेव्हा १९८६ साली कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून भरपाई योजना सुरू झाली. लसीचा एक डोस जितक्या रोगांपासून वाचवतो, तितके पाऊण डॉलर कर त्यावर बसतो. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्र लसीवर सव्वादोन डॉलर. त्यातून निधी उभा राहतो. दावा कंपनीवर नव्हे, सरकारच्या आरोग्य खात्यावर लागतो. लक्षणे दिसल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा लागतो. दावा हरला तरी तो प्रामाणिक आणि सबळ कारणाचा असेल, तर वकिलाची फी निधीतूनच मिळू शकते.

आता मुद्द्याची गोष्ट. या योजनेत ज्यांना भरपाई मिळाली, त्यांपैकी जवळपास ६० टक्के प्रकरणे तडजोडीने मिटलेली आहेत. त्या कागदात सरकार लिहून देते की, लसीने इजा झाली हे आम्हांस मान्य नाही. दावेदार लिहितो की, माझे म्हणणे कायम आहे. तरीही दोघे ठराविक रकमेवर वाद मिटवतात. म्हणून पैसे दिले यावरून लस दोषी ठरत नाही, आणि पैसे घेतले म्हणून आईबाप खोटेही ठरत नाहीत. तडजोड म्हणजे निकाल नव्हे, तो हिशेब आहे.

हिशेब म्हटला की जमा आणि नावे दोन्ही बाजू पाहाव्यात. जमेला येते ती खात्रीची रक्कम आणि वाचलेली वर्षे. नावे पडते ते हे की, खरे काय घडले ते न्यायालय ठरवत नाही, आणि त्या इजेबद्दल पुन्हा दावा करण्याचा हक्क संपतो. पुढे मुलाची प्रकृती ढासळली तरी दार पुन्हा उघडत नाही. म्हणून आजचे दवाखान्याचे बिल तेवढे धरू नये. औषधे, शाळा, सांभाळणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी आणि आईबाप थकल्यावरचा खर्च हे सर्व मांडावे.

आपल्याकडे काय? कोविड लसीनंतरच्या मृत्यूंच्या प्रकरणात केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जावे. म्हणजे पुरावा उभा करण्याचे ओझे घरच्यांवरच.

तेव्हा काही गोष्टी गाठीला बांधा. लसीचे कार्ड जपून ठेवा. इजेची शंका आली तर लगेच डॉक्टरला दाखवा, आरोग्य केंद्रात लेखी कळवा आणि पोच घ्या. केसपेपर, तपासण्या आणि बिले तारखेनुसार लावा. दाव्यात अज्ञान मुलाच्या वतीने पालकाने तडजोड करायची, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३२, नियम ७ प्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते. ही परवानगी मुलाच्या हितासाठी आहे, तिला कटकट समजू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींचे लोक, स्त्रिया आणि मुले यांना मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

आणि इंग्रजीतला कागद समोर आला, तर समजणाऱ्या माणसाकडून शब्दन् शब्द मराठीत वाचून घ्या. “सगळे ठीक आहे, करा सही” असे कोणी कितीही घाईने म्हणाले, तरी ती रक्कम मुलाला जन्मभर पुरवायची आहे हे विसरू नका.